झाकण उघडून बघू नये

ब्रेड मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत एक सूचना ठळक अक्षरांत छापलेली आहे: मशीन चालू असताना झाकण उघडू नये. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्याने केलेली गोष्ट कुठे मोडेल, हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. तरी ही सूचना मी चार महिने निमूटपणे पाळली. वरच्या छोट्या काचेतून आत डोकवायचो, काहीतरी पांढरट फिरताना दिसायचं, तेवढंच. बाकी सगळं मशीनवर सोडलं होतं. आणि त्याच चार महिन्यांत, त्याच ओट्यासमोर, एका माणसावर मी मोबाईलमधून दिवसाला वीस वेळा नजर ठेवत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. हा लेख त्याबद्दल आहे. चांगला ब्रेड कसा करायचा हेही त्यात येईल, कारण ते वगळून ही गोष्ट सांगता येत नाही.

आधी मशीन का घेतलं ते सांगतो. गेल्या दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात जवळजवळ गेला, बोलणं मंद झालं. शब्द येतात, पण एकेक करून, मध्ये मोठा श्वास घेऊन. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात तिला ठेवणं अशक्य होतं, म्हणून तिला मी माझ्याकडे आणलं. मी पौडच्या अलीकडे राहतो, मुळशी तालुक्यात. मुळशी म्हटल्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ येत असेल. जमिनी विकल्या, पैसा आला, पैसा गेला, पोरं वाया गेली, ती गोष्ट. तशाच विकलेल्या एका शेताच्या तुकड्यावर आमचं चार खोल्यांचं रो हाऊस उभं आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं ऑफिस हिंजवडीत. हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येते, पण तिथल्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांना हे क्वचितच ठाऊक असतं.

डॉक्टरांनी आईचं मीठ कमी करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. लोणचं, पापड, फरसाण बंद करणं सोपं होतं. अडचण आली ती चहाबरोबरच्या ब्रेडची. आई गेली चाळीस वर्षं सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन स्लाइस खाते. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. मी गुणलं. चार स्लाइसमध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसभराच्या मिठाचा चौथा हिस्सा, तोही ज्याची चव खारट लागत नाही अशा पदार्थातून. ब्रेड सोड म्हणायची माझी हिंमत नव्हती. उजवा हात गेला, शिवण गेलं, जिना उतरून भाजी आणणं गेलं, आता ब्रेड पण? मग मशीन आलं.

पहिला ब्रेड डिसेंबरात केला. त्याला वीट म्हणणं हा विटेचा अपमान ठरेल, विटेचा निदान आकार सरळ असतो. पुस्तिकेतली कृती परदेशी पिठाची होती आणि मी घातली होती गिरणीतून आणलेली कणीक. तिकडे ब्रेडसाठी जे पीठ मिळतं, त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि कोंडा नसतो. आपल्या कणकेत प्रथिनं असतात, पण कोंड्याचे बारीक तुकडे पिठातल्या चिवट जाळीला जागोजागी कापतात. शिवाय जात्यासारख्या दगडी गिरणीत दळताना पिठातला स्टार्च बराच भरडला जातो आणि तो पाणी जास्त ओढतो. म्हणून मैद्याच्या हिशेबाने पाणी घातलं की कणकेचा गोळा कोरडा राहतो, आणि कोरडा गोळा फुगत नाही. त्यात डिसेंबरातली पौडची पहाट. नळाचं पाणी बोटं बधिर करणारं, त्यात यीस्ट कसलं जागं होणार.

मग मी टेस्टरसारखा कामाला लागलो. एक्सेल शीट केली. कप फेकून दिला आणि वजनकाटा घेतला. ही सगळ्यात मोठी सुधारणा, आणि तिला अक्कल लागत नाही. एकच कप पिठात खुपसून भरला तर दीडशे ग्रॅम भरतं, चमच्याने अलगद भरला तर एकशेवीस. तीन कपांत ही तफावत नव्वद ग्रॅमवर जाते आणि मग आपण यीस्टला शिव्या देत बसतो. मी २५० ग्रॅम कणीक आणि १५० ग्रॅम मैदा यावर स्थिरावलो. पाणी २८० ग्रॅमपासून सुरू. तेल एक मोठा चमचा, साखर तेवढीच. थंडीत पाणी कोमट. कणीक आणि पाणी आधी एकत्र करून अर्धा तास नुसतं ठेवायचं, मग मशीन सुरू करायचं. त्या अर्ध्या तासात कोंडा भिजून मऊ होतो, पुढे तो कमी बोचतो. ब्रेड तयार झाला की लगेच भांड्यातून काढून जाळीवर ठेवायचा, नाहीतर वाफेने खालची बाजू ओली होते. आणि एक तास कापायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

या सगळ्याने वीट गेली. मग मी मिठाला हात लावला. ७ ग्रॅमचं ३ केलं, आणि ब्रेड फुगून झाकणाला टेकला, मग भाजताना मधोमध खचला. मीठ फक्त चवीला नसतं, हे मला तेव्हा कळलं. ते यीस्टला लगाम घालतं आणि पिठाची जाळी घट्ट करतं. मीठ कमी केलं तर यीस्ट उधळतं, आणि मशीन मात्र आपल्या घड्याळाप्रमाणे आणखी चाळीस मिनिटं वाट बघत बसतं. तेव्हा मीठ कमी तर यीस्टही कमी, आणि दिवस तापायला लागले की पाणी फ्रिजमधलं. मार्चपर्यंत आई तक्रार न करता खाईल असा ब्रेड व्हायला लागला. चांगला नव्हता. पण शीटमध्ये तो हिरव्या रंगात होता.

या मशीनच्या जन्माची एक गोष्ट आहे. मॅनेजमेंट शिकलेल्यांनी ती ऐकलेली असेल. १९८५ च्या सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनी, म्हणजे आपली पॅनासॉनिक, घरगुती ब्रेड मशीन करायला निघाली होती. ब्रेड बाहेरून करपत होता आणि आत कच्चा राहत होता. मशीनने मळलेल्या आणि कारागिराने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून त्यांनी तुलना केली, त्यातूनही काही कळेना. तेव्हा इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातल्या मुख्य कारागिराच्या हाताखाली मळायला शिकली. तिच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं तिंबत नाही, ते ताणतो आणि ताणताना पिळतो. मग इंजिनिअरांबरोबर वर्षभर खटपट करून मशीनच्या भांड्याला आतून खास कडा बसवल्या गेल्या आणि ते पिळणं मशीनमध्ये आलं. इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली ही गोष्ट एका गाजलेल्या लेखात सांगितली. माणसाच्या हातातलं न बोललेलं ज्ञान यंत्रात कसं उतरवता येतं, याचं उदाहरण म्हणून ती जगभर शिकवली जाते.

मला ही गोष्ट फार आवडायची. एका सॉफ्टवेअरवालीने कारागिराचा हात कोडमध्ये आणला! आमच्या धंद्याची यापेक्षा चांगली जाहिरात कुठली?

पण २००७ साली रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स या दोघांनी याच मशीनवर एक निबंध लिहिला आणि ही गोष्ट उलटी धरून हलवली. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. कारागिराचं ज्ञान मशीनमध्ये गेलेलंच नाही. मशीनमध्ये एक हालचाल गेली. हालचाल कशासाठी, कधी थांबवायची, आज पीठ कसं आहे, हे सगळं बाहेरच राहिलं, आणि ते मशीनभोवतीची माणसं भरून काढतात. कोणीतरी पीठ एकसारखं दळून ठेवतं, कोणीतरी मापात भरतं, कोणीतरी बिघडलेला ब्रेड बघून पुढच्या वेळी पाणी वाढवतं. आपण हे सगळं इतक्या सहज करतो की केल्याचं कळत नाही, आणि श्रेय मशीनला देतो.

हे वाचलं तेव्हा मला बारीकसा वाद वाटला. एप्रिलमध्ये तो माझ्या ओट्यावर घडला.

आईला सांभाळायला एक ताई येतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा. धरणाच्या बाजूच्या एका गावातून एसटीने पौडला उतरतात आणि पुढे चालत येतात. त्या आल्या त्याच आठवड्यात मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. तो अशा कोपऱ्यात की आईची खुर्ची आणि स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही दिसतील. कारण द्यायला हवं तर देतो. आई एकदा बाथरूमच्या दाराशी पडली होती. आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांनीच मारल्याचे व्हिडिओ तुमच्याप्रमाणे मलाही फॉरवर्ड होऊन येतात. आणि हिंजवडीतून घरी पोहोचायला, माणच्या रस्त्यावर डंपर आडवे आले तर, दीड तास लागतो. या कारणांत खोटं काही नाही. पण मीटिंगमध्ये कंटाळा आला की मी फोन काढून घरचा हॉल बघायचो, हेही खरं आहे. ताई भांडी घासतायत. ताई फोनवर बोलतायत, कितीतरी वेळ. ताई आईच्या शेजारी बसून टीव्ही बघतायत. असं बघत बसायची सवय लागते. आपण काहीतरी जबाबदारीचं काम करतोय असं वाटतं, आणि जागचं हलावं लागत नाही.

त्या दिवशी मी सकाळी सगळं मोजून भांड्यात घातलं, यीस्ट पिठाच्या वर खळगा करून पाण्यापासून दूर ठेवलं, आणि दुपारी तीनला मशीन सुरू होईल असा टायमर लावला. सव्वातीनला फोन काढून बघतो, तर ताई मशीनचं झाकण उघडून आत वाकलेल्या. हातात चमचा.

मी लगेच फोन लावला. “ताई, मशीनचं झाकण उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“आत गडगडत होतं दादा. पीठ कोरडं पडलं होतं. दोन चमचे पाणी घातलं.”

“अहो, पण त्याचं माप ठरलेलं असतं.”

त्या जरा थांबल्या. “बरं. नाही उघडणार परत.”

मी फोन ठेवला, आणि त्या ओट्यापासून बाजूला झालेल्याही मला दिसल्या.

संध्याकाळी घरी आलो तर ब्रेड जाळीवर निवत ठेवलेला होता. चार महिन्यांत तसा झाला नव्हता. वरून घुमटासारखा, दाबला की परत वर येणारा, आत बारीक एकसारखी जाळी. मी आईला स्लाइस दिली. तिने खाल्ली. दुसरी मागितली. मग म्हणाली, “आज... काय वेगळं?”

“काही नाही, नेहमीचंच,” मी म्हणालो.

आई दिवसभर त्याच खोलीत बसलेली होती, हे मी विसरलो होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, “तिला... बोललास. आणि... तिचा ब्रेड... खातोयस.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन काढला तर स्क्रीनवर नुसता काळोख. कॅमेरा बंद पडला असं वाटून मी ताईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, “काकूंनी फडकं टाकलंय. मला म्हणाल्या, काठी दे. काठीने टाकलं. डाव्या हाताने!”

काय झालं होतं ते नंतर उलगडलं. त्या आठवड्यात गिरणीवाल्याने पीठ नेहमीपेक्षा बारीक दळलं होतं आणि हवा कोरडी ठणठणीत होती. बारीक पीठ पाणी जास्त पितं. माझ्या शीटमध्ये ‘पीठ’ असा एकच रकाना होता, ‘आजचं पीठ’ असा नव्हता. ताईंनी तीस वर्षं भाकऱ्या थापल्यात. परातीत हात घातल्याशिवाय पाणी ठरवायचं नसतं, ही त्यांच्यासाठी माहिती नाही, सवय आहे. आणि त्यांना हातसुद्धा घालावा लागला नाही, आवाजावरून कळलं. नीट भिजलेला गोळा भांड्याच्या कडेला थपथप आपटतो. कोरडा असेल तर डब्यात लाडू हलवल्यासारखा गडगडतो. सैल असेल तर चपचप करतो आणि तळाशी पसरतो. हे मी आता ऐकू शकतो. तेव्हा मी हिंजवडीत होतो, आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवलेला असायचा.

आणि पुस्तिका? ती मी त्या रात्री पुन्हा काढली. झाकण उघडू नये हे फुगताना आणि भाजताना, कारण ऊब जाते. मळताना उघडायला हरकत नाही, असं पुढच्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

मराठीत ‘लक्ष देणं’ आणि ‘लक्ष ठेवणं’ असे दोन वेगळे प्रयोग आहेत. पोराच्या अभ्यासात लक्ष देतात. संशयितावर लक्ष ठेवतात. दुधाकडे लक्ष ठेव, उतू जाईल, असंही म्हणतो, तेव्हा हा फरक काटेकोर नाही, पण तो आहे. ठेवलेलं लक्ष एका गोष्टीची वाट बघत असतं: चूक कधी होते. चूक दिसेपर्यंत त्याला बाकी काही दिसत नाही. दिलेल्या लक्षाला आधीपासून ठरवलेलं काही शोधायचं नसतं, म्हणून त्याला गडगड ऐकू येते. मी मशीनकडे लक्ष दिलं नाही आणि ताईंवर लक्ष ठेवलं. जे आंधळं आहे, ज्याला आपल्या पोटातलं पीठ कोरडं आहे की ओलं हे कधीच कळणार नाही, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला. जिला कळत होतं, तिचा प्रत्येक हात मोजला.

इथे थांबून ‘कॅमेरे वाईट’ असं म्हणून टाकणं सोपं आहे. मी तसं म्हणत नाही. ज्यांच्या आईला खरोखर मारहाण झाली, आणि ती कॅमेऱ्यामुळेच उघडकीला आली, त्यांना मी काय सांगू? ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांच्या बाजूने कधी कधी तो एकटाच साक्षीदार असतो. माझा प्रश्न त्याहून लहान आणि जास्त अडचणीचा आहे. मी कॅमेरा लावताना दोन माणसांना विचारायला हवं होतं, आणि दोघींपैकी एकीलाही विचारलं नाही. ताईंना विचारलं नाही कारण त्या पगारावर आहेत. आईला विचारलं नाही कारण ती आजारी आहे. दोघींचं मत लागत नाही असं मी धरून चाललो, आणि मनात स्वतःला काळजी घेणारा मुलगा म्हणत राहिलो. पडण्याची भीती होती तर कॅमेरा बाथरूमच्या दाराकडे तोंड करून हवा होता. तो ओट्याकडे का होता? ओट्याजवळ आई कधी जातच नव्हती.

ताईंशी बोलायला मला आठवडा लागला. मी माफी वगैरे मागितली, जरा जास्तच शब्दांत. त्या म्हणाल्या, “ठेवा की कॅमेरा. मला काय चोरी करायचीये? पण काकू माझ्यासोबत गाणं म्हणतात तेव्हा नाही येत तुमचा फोन.” आई गाणं म्हणते हे मला माहीत नव्हतं. बोलताना अडणारी काही माणसं गाताना कमी अडतात, हे मी नंतर वाचलं. माझ्याकडे दोन महिन्यांचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यात हे कुठेतरी असणार. आवाज बंद असल्यामुळे मला ताई आणि आई नुसत्या बसलेल्या दिसत होत्या. रिकाम्या.

यापुढे मी एक चूक करणार होतो, ती थोडक्यात टळली. वाटलं, ताईंना हे इतकं छान कळतं, तर ब्रेड त्यांच्याकडेच सोपवावा. त्यांच्या हाताचं कौतुक करावं आणि मशीन त्यांच्या ताब्यात द्यावं. कौतुक करून काम वाढवायचं ही आपल्या घरांतली जुनी युक्ती आहे. ‘तुझ्या हातालाच चव आहे’ म्हणत किती बायकांना आयुष्यभर ओट्याशी उभं केलं असेल, त्याचा हिशेब नाही, आणि आमच्याच घरात तो हिशेब बराच मोठा निघेल. ताई आईला सांभाळायला येतात. ब्रेड करणं हे त्यांचं काम नाही. टायमर लावून मी निघून जात होतो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांची देखरेख त्यांच्यावर न सांगता टाकलेली होतीच. मशीन माझे श्रम वाचवतं असं मी म्हणायचो, पण त्यातले काही दुसऱ्या कोणाकडे तरी गेलेले असायचे.

श्रम असे दुसरीकडे सरकवण्याचा इतिहास मुळशीला नवा नाही. घरापासून वर ताम्हिणीच्या दिशेने गेलं की जे धरण लागतं, ते टाटांनी मुंबईसाठी वीज करायला बांधलं. त्याविरुद्ध इथल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्यातून चिकटली. लढा हरला, गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतंय. ताईंच्या सासरचं मूळ गाव त्या पाण्यात आहे. पाणी जवळजवळ ५०० मीटर खाली पडतं. मी एकदा उगाच हिशेब केला: माझ्या एका ब्रेडला अर्धं युनिट वीज लागते, आणि तेवढ्यासाठी दोन मोठी पिंपं भरून पाणी तो कडा उतरून जावं लागेल. माझ्या प्लगमध्ये येणारी वीज भिऱ्याचीच असते असं नाही, ग्रिडमध्ये सगळं मिसळतं. आणि तलावाच्या काठावर राहून आमच्याकडे पावसाळ्यात दिवे जातात, हा विनोद इथे कोणी मुद्दाम सांगत नाही, कारण तो सगळ्यांना पाठ आहे.

तर आता व्यवस्था अशी आहे. ब्रेड मी करतो, सकाळी साडेसहाला, टायमर न लावता. कणीक आणि पाणी उठल्याउठल्या कालवून ठेवतो, अंघोळ करून येतो, मग मशीन सुरू करतो आणि पहिली दहा मिनिटं तिथेच उभा राहतो. फोन हॉलमध्ये. पाचव्या मिनिटाला झाकण उघडतो. गोळ्याने भांड्याच्या कडा स्वच्छ सोडलेल्या असाव्यात, तळाशी किंचित चिकटावा, बोट लावलं तर बोटाला थोडासा ओढून सुटावा. कोरडा असेल तर पाणी एकेक चमचा, सैल असेल तर पीठ एकेक चमचा, आणि प्रत्येक चमच्यानंतर एक मिनिट थांबायचं. घाईत मी तिसरा चमचा घालतो आणि मग कळतं की दुसराच पुरेसा होता. मुळशीत पाऊस सुरू झाला की पीठ हवेतलंच पाणी पितं, तेव्हा मोजलेल्यातले दोन चमचे मागे ठेवायचे. यातलं काही शीटमध्ये लिहिता येतं. शीट मी बंद केलेली नाही, ग्रॅम अजून काट्यावरच ठरतात. पण शेवटचा रकाना आता रिकामा सोडतो.

कॅमेरा बाथरूमच्या दाराकडे वळवला आहे. आईला विचारून. ती म्हणाली, “तिथे... चालेल.” मग थोड्या वेळाने, “रात्री... बंद.”

जूनच्या शेवटच्या रविवारी पाऊस लागला होता. असा की समोरचा डोंगर दोन दिवस दिसला नव्हता. ब्रेड दुसऱ्या फुगण्यावर होता आणि दिवे गेले. माझं मशीन दहा मिनिटं आठवण ठेवतं, त्यानंतर सगळं पुसून पहिल्यापासून मळायला घेतं. दहा झाली, वीस झाली. मी भांडं बाहेर काढलं. पीठ कडेपर्यंत आलं होतं, अजून थोडं थांबायला हवं होतं की नाही ते मला ठरवता येईना. पुस्तिकेत याबद्दल काही नाही.

आईने हाताने खूण करून भांडं जवळ मागितलं. मांडीवर घेतलं, डाव्या हाताची तर्जनी पिठाच्या टोपीत हलकेच दाबली आणि बघत राहिली. खळगा हळूहळू अर्धा भरून आला आणि थांबला.

“झालं,” ती म्हणाली. “कुकर... लाव.”

शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी जाड मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून मी रिकामा कुकर दहा मिनिटं तापवला. आमच्या घरात इतकं मीठ एका वेळी कित्येक महिन्यांत कोणी वापरलं नव्हतं, यावर आई बऱ्याच वेळ हसली. मग आत भांडं ठेवून झाकण लावलं आणि गॅस बारीक केला. अर्ध्या तासाने मला राहवेना. मी फडकं घेऊन झाकणाला हात घातला.

“थांब,” आई म्हणाली. तिने डोळे मिटले होते आणि नाक जरा वर केलं होतं. बाहेर पावसाचा आवाज एवढा होता की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. “अजून... नाही.”

मी हात मागे घेतला आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.